फॉरमॅट मारण्याआधी

दिवाळीच्या तोंडावर, 14 ऑक्टोबर 2025 ला, विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट थांबली. तेव्हापासून कोपरगावात दुरुस्तीच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो: ‘लॅपटॉप बदलावाच लागेल का?’ मशीन बंद पडलेलं नाही, फक्त सुरक्षेची दुरुस्ती यायची थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे 2016 चा लॅपटॉप बाद. त्याचा कीबोर्ड आणि स्क्रीन मात्र ठणठणीत.

वाचकहो, आपण दुरुस्तीचं काम रोज करतो, म्हणून कळकळीनं सांगतो. गिऱ्हाइकाला आधी विचारा, ‘करता काय?’ ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव त्यानंतर.

संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 सालचं, त्यामुळे सी किंवा जावा शिकणारं पोर आपल्या तालुक्याला नवं नाही. अशा पोराच्या चार जीबी रॅमच्या मशीनमध्ये एसएसडी बसवा आणि लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. जीसीसी, पायथन, गिट एकेका कमांडनं येतात, आणि उद्या नोकरीत ज्या सर्व्हरवर काम पडेल तिथंही बहुतेक वेळा लिनक्सच असतं. मायक्रोसॉफ्टनंही 2016 पासून विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय दिली आहे. पण चार जीबीत ते दोघं एकत्र नांदत नाहीत.

पत्रिका छापणाऱ्याला किंवा टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याला मात्र लिनक्स गळ्यात मारू नका. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फायलींत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात; तो फॉन्ट नसला की पानभर कचरा दिसतो. वर्षानुवर्षांचा मजकूर त्यात असेल तर विंडोजच ठेवा, लायसन्सचं. क्रॅक टाकून देणं आता थांबवू या. बँकेचा पासवर्ड त्याच मशीनवर टाइप होतो, आणि क्रॅकसोबत आणखी काय आत शिरलं ते आपल्यालाही ठाऊक नसतं.

पोर प्रोग्रामिंग करतं आणि बाप दुकानाचा हिशेब, अशा घरी ड्युअल बूट करा. त्याआधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. वायफाय पकडतो का, आवाज येतो का, प्रिंटर कागद ओढतो का. मग इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडून गिऱ्हाइकासमोर ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द टाइप करा. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी, मग य ची कळ. त्याची प्रिंट काढा आणि ‘ऱ्य’ नीट जोडून आला का ते त्यालाच बघू द्या. नसेल आला, तर दुसरा युनिकोड फॉन्ट टाकून पुन्हा प्रिंट काढा. तोवर विंडोजला हात लावू नका.