मोघम स्तुती आणि लेखकाचे उत्तर

‘अप्रतिम’, ‘अंतर्मुख करणारे’ असा शेरा मारून जो वाचक कृतकृत्य होतो, त्याच्यापेक्षा चुकीचा का होईना, पण निश्चित अर्थ लावणारा वाचक लेखकाचा अधिक सन्मान करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६१ साली अमेरिकेतील एका प्राध्यापकाने आपले सहकारी व नव्वदेक विद्यार्थी यांच्या वतीने कथालेखिका फ्लॅनरी ओ’कॉनर यांना पत्र पाठवून, ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ या कथेतील फरारी खुनी म्हणजे बेली या पात्राचा केवळ कल्पनाविलास होय, असा निष्कर्ष कळविला. तेव्हा त्या लेखिकेने उपचाराची भाषा बाजूस सारून, आपणास धक्का बसल्याचे रोखठोक लिहिले, आणि कथेतील आजीची वरवरची श्रद्धा व त्या खुन्याच्या अंतर्यामी ख्रिस्ताविषयी चाललेली तगमग यांचे द्वंद्व हेच कथेचे मर्म असल्याचे उलगडून दाखविले. उत्तर कठोर खरे. परंतु मोघम स्तुतीला असे उत्तर द्यावे तरी कसे? तीत खोडून काढण्याजोगे काही नसतेच, आणि ‘आभारी आहे’ यापलीकडे लेखणी सरकत नाही. म्हणून वाचकांस विनंती अशी, की लेखकास अभिप्राय कळविताना निदान एक प्रसंग, एक पात्र नावानिशी सांगावे आणि तेथे आपणास काय दिसले ते निःसंकोच लिहावे.