नायसियाचा विश्वासांगीकार सम्राटाने घडवला काय?

(१/१०)
‘इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे बिशपांची सभा भरवली, मतदानाने येशूला देव ठरवले आणि बायबलमधील ग्रंथही निवडले.’ कादंबऱ्या, चित्रपट आणि समाजमाध्यमे यांतून फिरत फिरत या विधानाला इतिहासाची प्रतिष्ठा लाभली आहे. ती त्याला लाभावी असे त्यात काहीही नाही.

(२/१०)
प्रथम ग्रंथनिवड. नायसियाच्या सभेचे २० नियम आज उपलब्ध आहेत. बिशपांची नेमणूक, धर्मगुरूंनी व्याज घेण्यास मनाई, छळाच्या काळात श्रद्धा सोडलेल्यांना परत घेण्याची रीत, असे त्यांचे विषय. ग्रंथांची यादी त्यांत नाही. नव्या कराराच्या नेमक्या २७ ग्रंथांची यादी आढळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात.

(३/१०)
आता ‘देव ठरवणे’. नायसिया ज्या बिथिनिया प्रांतात होते, त्याच प्रदेशाचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळवले होते की, ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. म्हणजे सभेच्या दोन शतके आधी ही उपासना रूढ होती.

(४/१०)
मग वाद कशाचा? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र श्रेष्ठ खरा, पण पित्याने निर्मिलेला. सभेने उत्तर दिले : पुत्र निर्मित नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे. हे उत्तर ज्या साच्यात बसवले तो साचाही जुनाच होता. बाप्तिस्म्याच्या वेळी श्रद्धेचा जाहीर उच्चार करण्याची प्रथा ख्रिस्ती सम्राट जन्माला येण्यापूर्वीची आहे. विश्वासांगीकार म्हणजे ‘क्रीड’ हा त्याच प्रथेचा वारस.

(५/१०)
राजसत्तेचा हात नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. सभा सम्राटाने बोलावली, बिशपांच्या प्रवासाची सोय सरकारी खर्चाने झाली आणि सही नाकारणारे दोन बिशप एरियससह हद्दपार झाले. पण सभा भरवणे वेगळे आणि तिचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकवणे वेगळे.

(६/१०)
खुद्द कॉन्स्टंटाइनचेच पाहावे. त्याने नायसियाचा शब्द रद्द केला नाही, पण त्या शब्दाचा कैवारी अथेनेशियस याला इ.स. ३३५ मध्ये दूर ट्रिअरला धाडले. एरियसला त्याने परत येऊ दिले. इ.स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला, तो एरियसचा पाठीराखा निकोमीडियाचा युसेबियस याच्या हातून!

(७/१०)
पुत्र कॉन्स्टँशियस त्याच्याही पुढे गेला. इ.स. ३५९ मध्ये रिमिनीला ४०० हून अधिक बिशप जमले. नायसियाहून ही संख्या मोठी. दडपण आणून त्यांच्याकडून ‘तत्त्व’ हा शब्दच वगळलेल्या मसुद्यावर सह्या घेतल्या गेल्या. सम्राटाच्या इच्छेने श्रद्धा ठरत असती, तर आज हाच मसुदा चर्चमध्ये म्हटला गेला असता. तो विस्मृतीत गेला. अनेक बिशपांनी पुढे आपला शब्द मागे घेतला. चार सम्राटांच्या काळात पाच वेळा हद्दपार झालेल्या अथेनेशियसला इजिप्तच्या संन्याशांनी आश्रय दिला.

(८/१०)
आक्षेप येईल : शेवटी थिओडोसियसच्या इ.स. ३८० च्या फर्मानानेच निकाल लागला ना? त्या फर्मानाने इतरांना दंडाची धमकी दिली, हा अन्यायच होता. पण फर्मानाचे बळ कॉन्स्टँशियसकडेही होते, तो हरला. स्पेनमध्ये एरियसपंथी व्हिसिगॉथ राजांनी दीर्घकाळ राज्य केले. अखेर पंथ बदलला तो राजा रेकारेडने, आणि इ.स. ५८९ च्या टोलेडो सभेत ते जाहीर झाले. प्रजा जागची हलली नाही.

(९/१०)
राजाविना, किंबहुना राजाविरुद्ध अंगीकार उभा राहतो काय, याची कसोटी विसाव्या शतकात जर्मनीत लागली. नाझीसमर्थक गट चर्चवर वंशाचा नियम लादू पाहत असता, २९ ते ३१ मे १९३४ रोजी बार्मेन येथे प्रोटेस्टंट प्रतिनिधी जमले. कार्ल बार्थच्या लेखणीतून मुख्यत्वे उतरलेल्या सहा कलमांनी, राज्य हीच मानवी जीवनाची एकमेव व सर्वंकष व्यवस्था होय, हा दावा धुडकावला. ज्यूंच्या छळाबद्दल ती कलमे मौन राहिली. हा डाग पुसता येत नाही. तरीही जर्मनीतील अनेक चर्च आज ती आपल्या अंगीकारांत गणतात. त्यांच्यावर कोणत्याही सत्ताधीशाची मुद्रा नव्हती.

(१०/१०)
सत्ता अंगीकार लिहून घेऊ शकते, त्याच्या नावाने माणसे हद्दपारही करू शकते. तो म्हणत राहणारी माणसे मात्र तिला निर्माण करता येत नाहीत. म्हणून अशा मजकुराचा अधिकार तोलताना सह्या कोणी केल्या एवढ्यावर थांबू नये. सह्या घेणारा सम्राट गेल्यावर तो कोणी, किती काळ आणि काय किंमत मोजून म्हटला, हे तपासावे. ‘मतदानाने देव ठरला’ ही कथा नेमका हाच इतिहास गिळून टाकते.