भाडेकरूचे मतदान, मालकाचा मुजरा

रत्नागिरीच्या दक्षिणेस, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तेथे पूर्णगडचा छोटेखानी किल्ला उभा आहे. तो राज्य संरक्षित स्मारक आहे. समजा, पूर्णगडच्या ग्रामस्थांनी उद्या सभा भरविली, मतदान घेतले आणि मंत्रालयास कळविले की, तटाच्या आतील निम्म्याहून अधिक जागा शासनाने खुशाल घ्यावी, उरलेली मात्र तीस वर्षे आमच्याकडेच राहू द्यावी. काय होईल? तहसील कचेरीत त्या ठरावाला केराची टोपली दाखविली जाईल आणि सरकारी मालमत्तेवर हक्क सांगितल्याबद्दल ग्रामस्थांनाच नोटिसा येतील. मुंबईत महालक्ष्मीला नेमके हेच घडले, तेव्हा मात्र ठरावाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. फरक इतकाच की, तेथे मतदान करणारे मच्छीमार नव्हते, घोड्यांचे मालक होते.

महालक्ष्मी रेसकोर्सची जमीन २११ एकर. तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग राज्य शासनाचा, उरलेला मुंबई महापालिकेचा. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हा तेथील भाडेकरू. त्याचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला. गरिबाच्या झोपडीची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी बुलडोझर दारात येतो. येथे मुदत संपल्यावरही दहा वर्षांहून अधिक काळ शर्यती बिनघोर चालू राहिल्या. सरकारे आली आणि गेली, निरनिराळ्या पक्षांची आली. क्लबचे कुंपण मात्र तसूभर हलले नाही. दबावगट म्हणतात तो हाच. त्याला मोर्चा काढावा लागत नाही, उपोषणास बसावे लागत नाही. फाईल पुढे न सरकणे एवढेच त्याला पुरते.

मग जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान केले. ५४० विरुद्ध १६८ मतांनी त्यांनी ठरविले की, १२० एकर जमीन उद्यानासाठी सोडावी आणि ९१ एकर आपल्याकडे ठेवावी. मालकाला घराच्या किती खोल्या द्यायच्या हे भाडेकरूने ठरविले! शासनाने त्याच वर्षी हा तोडगा स्वीकारला आणि ९१ एकरांचा नवा पट्टा २०५३ पर्यंत क्लबला बहाल केला. ज्यांची ही जमीन, त्या मुंबईकरांचे मत कोणी विचारले? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. शहराच्या मालकीच्या जमिनीचा निर्णय होत असताना शहराचा एकही निर्वाचित नगरसेवक सभागृहात नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. सातशे सभासदांना मताधिकार आणि सव्वा कोटी नागरिकांना नाही, हा लोकशाहीचा कोणता प्रकार म्हणावा?

एवढ्यावरही भागले नाही. तबेल्यांच्या पुनर्बांधणीचा सुमारे १०० कोटी रुपयांचा भार महापालिकेने उचलावा, अशी योजना त्याच वेळी पुढे आली आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. श्रीमंतांच्या घोड्यांना सार्वजनिक खजिन्यातून छप्पर द्यावे, हा विचार राज्यकर्त्यांना सुचावा यातच सारे आले.

ही उदारता कोणाच्या नजरेसमोर चालली आहे, हेही पाहिले पाहिजे. रेसकोर्सच्या सभोवार गिरणगाव आहे. या गिरण्या रत्नागिरी जिल्ह्याच्या घामावर उभ्या राहिल्या. पूर्णगडच्या पंचक्रोशीसारख्या किनारपट्टीवरील गावांतून घरटी एक माणूस मुंबईस जाई आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावाकडची चूल पेटे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागेवर मनोरे उठले. घरासाठी कामगारांनी व वारसांनी केलेले अर्ज दीड लाखांहून अधिक. त्यांपैकी थोड्यांनाच घरे मिळाली. उरलेल्यांना सांगण्यात आले की मुंबईत जागा नाही, शेलू आणि वांगणीला जा. जुलै २०२५ मध्ये हे कामगार त्यासाठी पुन्हा आझाद मैदानावर उतरले. घोड्यांसाठी महालक्ष्मी आणि माणसांसाठी वांगणी, असा हा न्याय आहे.

कायद्याचा न्यायही याच जातीचा. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने मटक्याची चिठ्ठी हा गुन्हा ठरतो. रेसकोर्सच्या परवानाप्राप्त आवारात घोड्यावर लावलेला पैसा मात्र त्यातून वगळलेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. असेल कौशल्य, पण त्या कौशल्यासाठी सार्वजनिक जमीन आणि सार्वजनिक पैसा का खर्ची पडावा?

रेसकोर्समुळेच ही जमीन बिल्डरांपासून वाचली, असे क्लबचे कैवारी म्हणतात. त्यात तथ्य आहे आणि तेथे इमारती उठाव्यात असे कोणाही समाजवाद्याचे म्हणणे नाही. मोतद्दार आणि तबेल्यांतील कामगार यांच्या पोटाचा प्रश्नही खरा आहे. परंतु जमीन मोकळी ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते पार पाडण्यासाठी श्रीमंतांचा क्लब राखणदार म्हणून नेमावा लागत असेल, तर ती शासनाच्या नादारीची कबुलीच होय. तामिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा पट्टा रद्द केला आणि १६० एकर जागेस कुलूप ठोकले. प्रकरण न्यायालयात गेले. पण मालकाने मालकासारखे वागायचे ठरविले तर ते जमते, एवढे त्याने दाखविले.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मुंबईकरांचा म्हणून सोडून देऊ नये. करार, त्यातील अटी आणि भाड्याचा हिशेब मराठीत प्रसिद्ध करावा. त्यावर निर्वाचित सभागृहात उघड चर्चा व्हावी. तबेल्यांवर सार्वजनिक पैशातील एक रुपयाही खर्च होऊ नये. शर्यती नसतील त्या दिवशी ९१ एकरांचे मैदानही सर्वांना खुले असावे. आणि गिरणी कामगारांना मुंबईतच घरे मिळावीत. या मागण्या गावोगावच्या सभांतून मांडल्या पाहिजेत. ज्या गावांनी मुंबईला माणसे दिली, त्यांना मुंबईच्या जमिनीचा जाब विचारण्याचा अधिकार आहे. तो कोणत्याही क्लबच्या सभासदत्वाने मिळत नाही; तो घामाने मिळालेला आहे.