जुन्या संगणकाचा आवाज आणि आमचा आग्रह

आपल्या विद्यालयाच्या भांडारगृहात पाच जुने संगणक कित्येक वर्षे धूळ खात पडून आहेत. नव्या संगणक-कक्षासाठी जागा करावयाची असल्याने ते भंगारात द्यावेत, असा प्रस्ताव संस्थेपुढे आला आहे. स्मरणिकेत कौतुकाचे दोन शब्द लिहावेत, ही रीत आम्हांस ठाऊक आहे. तरीही मिळालेली जागा आम्ही या प्रस्तावास विरोध नोंदविण्यासाठी वापरीत आहोत. विरोध संपूर्ण नाही. तीन संगणक खुशाल जावेत. दोन राहावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आम्ही म्हणजे याच वसतिगृहात वाढलेले आणि आज अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत नोकरी करणारे काही माजी विद्यार्थी. गेल्या पावसाळ्यापासून रविवारी दुपारी आम्ही आठवी-नववीच्या मुलांबरोबर बसतो. त्या भांडारगृहातील एक संगणक आम्ही सुरू केला, तेव्हा त्याने एकच ‘टूं’ असा आवाज काढला आणि तो गप्प झाला. मुलांनी विचारले, ‘‘सर, हा गाणे का म्हणत नाही?’’ पुढचे सारे या प्रश्नातून निघाले.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. 1981 साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तो कार्यालयातील हिशेबासाठी. त्यातील छोट्या स्पीकरला विजेचे ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच कळे. 1987 मध्ये कॅनडातील ॲडलिब कंपनीने यामाहाची वायएम 3812 ही चिप बसविलेले कार्ड विक्रीस आणले आणि संगणकातून संगीत ऐकू येऊ लागले. 1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढले. त्यातही तीच यामाहाची चिप होती, म्हणून ॲडलिबसाठी लिहिलेले खेळ त्यावरही चालत. उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यूएसए’ या छापाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याचे पाहून करणे ही काही केवळ आपल्या कॅम्पांतील कारागिरांची खोड नव्हे. जगातल्या मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने पुढे गेल्या. प्रश्न एवढाच, की पाहून करणाऱ्याला आतले कळले आहे की नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतील कोव्हॉक्स या कंपनीने एक अगदी साधी वस्तू विकावयास काढली. संगणक न उघडता ती मागच्या बाजूस, प्रिंटरच्या जागी जोडावयाची. आत जवळजवळ काही नव्हतेच. रेझिस्टरांची एक शिडी, एवढेच. इतकी साधी, की पूर्व युरोपातील तरुणांनी ती घरीच बनविली. ज्यांना कार्ड विकत घेणे परवडत नव्हते, त्यांच्या संगणकाला असा घरगुती गळा मिळाला. आम्ही मुलांसह बनविले ते हेच.

त्याचे तत्त्व मुलांना समजले, हीच आमची खरी कमाई आहे. प्रिंटरच्या पोर्टाला 25 पाय असतात. त्यांपैकी 2 ते 9 या आठ पायांवर संगणक एका वेळी आठ बिटे ठेवतो. प्रत्येक पायावर वीज असते किंवा नसते. द्विमान पद्धतीत पहिल्या बिटाची किंमत 128, मग 64, 32 असे करीत शेवटच्याची 1. म्हणजे 0 ते 255 अशा 256 पायऱ्या. शिडीतील रेझिस्टर दोनच मापांचे लागतात, एक दुसऱ्याच्या दुप्पट. शिडीच्या प्रत्येक पायरीवर वीज निम्मी होत जाते आणि आठ पायांची बेरीज एका तारेवर येऊन पडते. दुप्पट मापाच्या जागी सारख्याच मापाचे दोन रेझिस्टर ओळीने जोडले, की सगळे मिळून 10 किलो-ओहमचे 25 रेझिस्टर पुरतात. शिवाय खरखर मऊ करण्यासाठी आणि स्थिर वीज अडविण्यासाठी दोन कॅपॅसिटर, आणि पुढे अँप्लिफायर असलेला कोणताही जुना स्पीकर. कॅम्पातील दुकानातून सर्व सामान शंभर रुपयांच्या आत आले.

गणिताच्या तासाला द्विमान पद्धत शिकविली जाते, तेव्हा मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात. येथे मात्र 128 च्या जागचा रेझिस्टर थोडा चुकीचा निघाला, तर खालच्या एक-दोन बिटांचे काम त्या चुकीतच बुडते, हे त्यांना कानांनी कळले. म्हणून आम्ही साठ रेझिस्टर घेतले आणि मुलांनी मल्टिमीटरने एकेक मोजून त्यांतले जवळजवळ सारखे 25 निवडले. ‘शेकडा 5 टक्के चूक’ या शब्दांचा अर्थ त्या दुपारी जेवढा उमगला, तेवढा आम्हांस स्वतःच्या शाळकरी वयात कधी उमगला नव्हता.

पहिला प्रयत्न फसला, हेही सांगावयास हवे. कनेक्टर सोल्डरच्या बाजूने पाहिला, की पायांचा क्रम उलट दिसतो. त्यावरचे बारीक आकडे न वाचता आम्ही, म्हणजे मुलांनी नव्हे, आम्ही मोठ्यांनी, तारा उलट क्रमाने जोडून दिल्या. स्पीकरमधून तवा खरवडल्यासारखा आवाज आला. चूक शोधून काढली ती नववीतील एका मुलीने. तिचे वडील उल्हासनगरात जीन्स शिवण्याच्या कारखान्यात कारागीर आहेत. कापड उलट बाजूने पाहिले की डावे-उजवे बदलते, हे तिला घरूनच माहीत होते.

दुरुस्तीनंतर आम्ही वसतिगृहाच्या हजेरीतला ‘हजर’ हा एक शब्द मुलांच्याच आवाजात नोंदविला. सेकंदाला 8000 आकडे या हिशेबाने अर्ध्या सेकंदाचे 4000 आकडे झाले. ते एकामागून एक पोर्टावर पाठविले आणि तो मुका संगणक ‘हजर’ म्हणाला. आवाज फाटका होता, पण कोणाचा ते ओळखू येत होते. या हिशेबाने पूर्ण मिनिटाला 4,80,000 आकडे लागतात, 1.44 एमबीच्या फ्लॉपीत जेमतेम तीन मिनिटे मावतात. हे मुलांनी आम्हांस न विचारता काढले.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो हलका नाही. पालकसभेत एका गृहस्थांनी विचारले, ‘‘दुसऱ्यांची मुले नव्या यंत्रांवर शिकणार आणि आमच्या मुलांच्या वाट्याला पुन्हा उतरलेलेच का?’’ सभा शांत झाली. आम्हीही झालो. उतरलेले कपडे, उरलेले अन्न, टाकून दिलेली वस्तू यांच्याशी ज्या समाजाचे नाते पिढ्यान्‌पिढ्या जबरदस्तीने जोडले गेले, त्या समाजातील बापाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या पाच संगणकांपैकी एकही आपण विकत घेतलेला नाही. कोणाच्या तरी कार्यालयात निकामी ठरल्यावर ते देणगी म्हणून येथे आले. देणाऱ्याच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. तथापि निकामी वस्तू देऊन दानाचे समाधान मिळविण्याची एक सवय आपल्या समाजात आहे आणि संस्थांनी तिला कधीतरी नकार द्यावयास शिकले पाहिजे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट असावी. नवा संगणक-कक्ष झालाच पाहिजे आणि तो आधी झाला पाहिजे. जुने दोन संगणक नव्यांच्या ऐवजी ठेवावयाचे असतील, तर ते आजच भंगारात जावोत. आम्ही स्वतः उचलून देऊ. ते नव्यांच्या शेजारी ठेवावयाचे आहेत, आणि तेही एका कारणासाठी. नवे यंत्र उघडता येत नाही. त्याच्या आवाजाची चिप मदरबोर्डवर नखाएवढ्या जागेत बसलेली असते. तिच्यात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि चूक झाली तर महागडे यंत्र जाते. जुन्या यंत्राच्या पाठीमागे शिडी लावून मुलगा चुकू शकतो. (चुकण्यालाही मर्यादा आहेच. वीज बंद केल्याशिवाय काहीही जोडावयाचे नाही आणि पॉवर सप्लायचा डबा कोणी उघडावयाचा नाही, हे दोन नियम आम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले.)

भंगाराविषयीही दोन शब्द. ई-कचऱ्याचे नियम देशात 1 मे 2012 पासून लागू आहेत आणि 2022 चे सुधारित नियम 1 एप्रिल 2023 पासून आले. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच असा माल जावा, असा त्यांचा रोख आहे. प्रत्यक्षात दारावर येणारा भंगारवाला वजनावर भाव देतो आणि पुढे कोठेतरी तांब्यासाठी तारा जाळल्या जातात. त्या धुरात उभे राहणारे हात कोणाचे असतात, हे आपल्या शाळेत सांगावे लागू नये. आपल्या काही विद्यार्थ्यांच्या घरी तोच रोजगार आहे. तेव्हा जे तीन संगणक जाणार आहेत, ते वजनाच्या भावाने दारावर देऊ नयेत. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण नोंदणीकृत केंद्राची पावती संस्थेच्या दप्तरी असावी.

आम्ही बनविलेल्या शिडीचा दर्जा फार उच्च आहे, असा आमचा दावा नाही. आवाज काढीत असताना संगणकाला दुसरे काही करता येत नाही. आकडे मोजून पाठविण्यातच त्याचा सारा वेळ जातो. गाणे ऐकावयाचे असेल, तर मोबाइल बरा. पुढच्या वर्षी यामाहाची जुनी चिप मिळवून संगणकाच्या आत बसणारे कार्ड करावे, असे मुलांच्या मनात आहे. ते काम कितीतरी अवघड आहे. एक तार चुकली, तर मदरबोर्ड जाऊ शकतो. म्हणूनच एक नव्हे, दोन संगणक मागत आहोत.

संस्थेची बैठक येत्या महिन्यात आहे. ठेवावयाच्या दोन संगणकांवर मुलांनी खडूने खूण केली आहे. भांडारगृहाची किल्ली वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे असते. सदस्यांनी बैठकीपूर्वी एखाद्या रविवारी दुपारी यावे आणि ‘हजर’ ऐकून मग ठरवावे.