गेन कमी करा!

'बॅक इन ब्लॅक' (१९८०) वाजवायचं म्हणून कॉलेजात असताना मी अ‍ॅम्पचा गेन थेट ९वर ठेवायचो. मिक्सरसारखी घरघर व्हायची. आई तिच्या खोलीचं दार लावून घ्यायची.

चूक कळायला वर्षं गेली. अँगस यंगची गिब्सन एसजी, मार्शल अ‍ॅम्प, आवाज दणदणीत. पण गेन आपल्याला वाटतो त्याहून बराच कमी. त्या रिफमध्ये ई, डी, ए या कॉर्डच्या मधे चक्क शांतता आहे. गेन वाढवला की तीच गुरगुरायला लागते.

माझ्या छोट्या अ‍ॅम्पवर आता ब्रिज पिकअप, गेन ४, बेस ४, मिड ७, ट्रेबल ६. मिड कापू नका, गिटारचा जीव तिथेच असतो! उरलेला जोर उजव्या हाताचा. मार्शल मोठ्यानं वाजवला की खुलतो, ते फ्लॅटमध्ये कुठलं जमायला? असो.

परवा आईचं दार उघडंच होतं.