पायवाटेचा कायदा
ऑफिसात कुणी आल्प्समध्ये ट्रेक करून आलं की कौतुक डोंगरांचं होतं. डोंगर आपल्याकडेही आहेत हो! राजगुरुनगरहून भोरगिरी गाठा, तिथून जंगलातून भीमाशंकर. पण धुक्यात वाटेला फाटे फुटले तेव्हा मला एकही धड खूण सापडली नाही. स्वित्झर्लंडमध्ये दगडावर पांढरा-लाल पट्टा असतो, पिवळ्या पाटीवर चालायला लागणारा वेळ. १९८५ मध्ये तिथल्या संसदेने पायवाटांचा कायदाच केला: वाट मोडली तर पर्यायी वाट द्यायची. त्याच वर्षी आपण भीमाशंकर अभयारण्य जाहीर केलं. शेकरूची सोय झाली, चांगलंच झालं, चालणाऱ्याचं काय? पावसाळ्यात अपघात झाले की बंदीचा आदेश निघतो. त्यापेक्षा रंगाचा डबा स्वस्त पडेल. आणि पट्टे मारायचं काम भोरगिरीच्याच पोरांना द्या, पैसे देऊन.