ट्रंकेंतील चार्ली आणि जाड्या-रड्या

गेल्या महिन्यांत गडचिरोलीहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. मामंजी निवर्तल्यावर त्यांची माळ्यावरची ट्रंक उघडली, तों तींत दस्तऐवज ना दागिने. व्हिडिओच्या चाळीसएक कॅसेटी, तबकड्यांची एक चळत आणि जुन्या धोतरांत गुंडाळलेलीं दोन रिळें निघालीं. बहुतेकांवर मामंजींच्या हातचें लिहिलेलें : चार्ली, बस्टर कीटन, जाड्या-रड्या. "धाकटे भावजी म्हणतात, हें सारें आतां फोनवर फुकट दिसतें, जागा कशाला अडवायची? सासूबाई कांहीं बोलत नाहींत, पण ट्रंकेवर रोज फडकें मारतात. आम्ही काय करावें?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर दोन ओळींत देतां आलें असतें. परंतु अशीच एक ट्रंक चंद्रपुरास माझ्याही घरीं आहे, आणि तिच्या पायीं मी गेलें वर्षभर पुष्कळ हेलपाटे घातले आहेत. म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

प्रथम भावजींच्या बाजूनें बोललें पाहिजे. चार्ली चॅप्लिननें १९१६-१७ सालीं म्युच्युअल कंपनीसाठीं बारा दोन-रिळी प्रहसनें केलीं. 'दि पॉनशॉप', 'ईझी स्ट्रीट', 'दि क्यूअर', 'दि इमिग्रंट' हीं त्यांतलींच. आपल्या कायद्यानें चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षें चालतो. तेव्हां या प्रहसनांची नक्कल कोणींही करावी, त्यांत गैर कांहीं नाहीं. आज त्यांच्या स्वच्छ, दुरुस्त केलेल्या प्रती मिळतात. त्यांच्या मानानें घरोघरच्या कॅसेटी म्हणजे नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. शिवाय मूकपट सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी या वेगानें घेत, आणि नकला काढणारे ते बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगानें सोडून देत. त्यामुळें कित्येक कॅसेटींत माणसें वारुळांतल्या मुंग्यांसारखीं धांवतात. तितकी धांवपळ खुद्द चार्लीच्याही मनांत नव्हती. अशा कॅसेटी केवळ चित्रासाठीं ठेवण्यांत अर्थ नाहीं, हें मी प्रांजळपणें मान्य करतों.

पण घरगुती संग्रहाला तुच्छ लेखण्यापूर्वीं दोन हकीकती ऐकाव्या. जाड्या-रड्यांचें 'दि बॅटल ऑफ दि सेंचरी' हें १९२७ सालचें प्रहसन. त्यांत भर रस्त्यांत मिठायांची अशी फेकाफेक होते कीं सबंध गल्ली लिडबिडते. या फेकाफेकीचे कांहीं तुकडे १९५७ सालच्या एका संकलनपटांत घेतले गेले होते. तेवढेच जगाला ठाऊक राहिले आणि मूळ दुसरें रीळ नाहींसें झालें असेंच सर्वांनीं धरलें. तें २०१५ सालीं सांपडलें, आणि कोठें, तर एका खाजगी संग्राहकाच्या डब्यांत ! दुसरी गोष्ट चार्लीचीच. 'ए थीफ कॅचर' या १९१४ सालच्या प्रहसनांत तो पोलीस होऊन घटकाभर डोकावून जातो, हें कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत जुन्या वस्तूंच्या विक्रींत एका हौशी गृहस्थानें एक रीळ उचललें, घरीं आणून पाहिलें, आणि २०१० सालीं ही बातमी जगाला कळली. ज्यांनीं हीं चित्रें निर्मिलीं त्यांनीं तीं सांभाळलीं नाहींत. सांभाळलीं तीं घरांतल्या कपाटांनीं.

आपल्याकडे असें कपाटांत ठेवणें फारसें झालें नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं 'मोहिनी भस्मासुर' दाखवितांना सोबत 'पिठाचे पंजे' नांवाचें लहानसें विनोदी चित्र जोडलें होतें. आज त्याचें नांवच उरलें आहे. गडकऱ्यांच्या बाळकरामी विनोदावरून विश्राम बेडेकरांनीं १९३५ सालीं 'ठकीचें लग्न' पडद्यावर आणलें. तें पाहून पोट धरून हंसलेल्या पिढीपैकीं आतां कोण उरलें आहे? पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें; तोंवर फाळके वारून वीस वर्षें झालीं होतीं. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या. ठिणगी पडली तर भडकावयाच्या, आणि नाहीं पडली तरी आपल्या आपण कुजावयाच्या.

असो. आतां आमच्या ट्रंकेकडे वळतों.

माझे काका वनखात्यांत रेंजर होते आणि १९६७ च्या सुमारास आलापल्लीस होते. गडचिरोली हा निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला. तेव्हां तो सारा मुलूख चंद्रपुरांतच मोडे, आणि लोकांच्या तोंडीं तर तो चांदाच होता. मुंबईच्या चोरबाजारांत काकांना आठ मिलिमीटरच्या फितीचें, हातानें फिरवावयाचें एक यंत्र आणि तीन-चार प्रहसनें मिळालीं. बंगल्यावर वीज नव्हती. काका जीपची बॅटरी ओसरीवर आणवीत, तिच्यावर यंत्रांतील बोटभर दिवा लावीत, आणि आजीचें धुवट पातळ दोरीवर ताणून त्यावर चित्र पाडीत. उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही मुलें तेथें असूं. समोर वनरक्षक, गाडीवान, सिरोंच्याकडचे तेलुगु बोलणारे कारकून आणि कूपावर लाकूड तोडणारे माडिया मजूर बसत. त्यांतल्या निम्म्यांची भाषा उरलेल्या निम्म्यांस कळत नसे. पण चार्लीनें गिऱ्हाइकाचें घड्याळ वैद्यासारखें कान लावून तपासलें, डबा फोडावा तसें तें फोडलें आणि चूर्ण परत त्याच्या पदरांत घातलें, कीं सारे एकदम हंसत. झाडीपट्टींतल्या नाटकांचा प्रेक्षक विनोदाला किती चोखंदळ असतो, हें या भागांतल्या वाचकांना सांगावयास नको. तोच तो प्रेक्षक होता.

काकांचें आवडतें चित्र मात्र जाड्या-रड्यांचें 'बिग बिझनेस' हें होतें. तें १९२९ सालचें. हे दोघे नाताळचीं झाडें दारोदार विकत हिंडतात. एक गृहस्थ 'नको' म्हणतो, कात्रीनें झाड छाटतो. मग हे त्याचें घर मोडतात, तो यांची मोटार मोडतो, आणि पोलीस लांबून शांतपणें टिपणें घेत बसतो. नाताळचें झाड म्हणजे काय हें आलापल्लीस कोणास ठाऊक असणार? काकांनीं त्यावर स्वतःचें भाष्य रचलें होतें. ते यंत्र फिरवतां फिरवतां गंभीर आवाजांत सांगत, "हे दोघे झाडें तोडून विकावयास आले आहेत. यांच्यापाशीं वाहतुकीचा परवाना नाहीं. लांकडावर हातोड्याची निशाणी नाहीं. म्हणून गृहस्थ माल घेत नाहीं." मग पोलिसाकडे बोट दाखवून, "हा पंचनामा करतो आहे. दोन वर्षांनीं पुरा होईल." यावर सर्वांत मोठ्यानें हंसत ते वनरक्षक. आजी दाराआड पदर तोंडाशीं धरून बसे, मोटारीचें चाक निखळलें कीं तिलाही आवरत नसे, आणि "मेल्यांनो, पुरे!" एवढेंच तिला बोलतां येई.

पुढें १९८६ सालीं चंद्रपुरास आमच्या चुलतबहिणीच्या लग्नांत व्हिडिओ घेणारा आला होता. रीळ आतां आंबूस वास देऊं लागलें आहे, तें फार दिवस टिकणार नाहीं, हें काकांनीं हेरलें होतें. त्यांनीं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं त्या मनुष्यास थांबवून घेतलें, पुन्हां तेंच यंत्र काढलें, भिंतीवर चित्र पाडलें आणि तें कॅमेऱ्यानें टिपवलें. कॅमेरा आवाजही घेतो, हें कोणाच्या डोक्यांत आलें नाहीं. त्यामुळें त्या कॅसेटींत मूकपट मूक राहिला नाहीं : काकांचा परवाना आहे, पंचनामा आहे, पाटावर उरलेल्या बुंदीच्या लाडवांवरून चाललेलें भांडण आहे, आणि दाराआडून ऐंशी वर्षांची आजी आहे.

ही कॅसेट आम्हीं सांभाळली असें म्हणण्याची सोय नाहीं. तिच्या कडेचा प्लास्टिकचा लहान तुकडा मोडून टाकला म्हणजे तिच्यावर दुसरें कांहीं मुद्रित होत नाहीं. तो आम्हीं मोडला नाहीं, आणि घरांतल्याच एका चिरंजीवांनीं शेवटच्या भागावर एक कसोटी सामना उतरवून ठेवला. त्यावर आमच्याकडच्या हवेची कृपा. उन्हाळ्यांत ४७ अंशांवर तापणारी खोली, आणि मागोमाग चार महिने भिंतींना ओल. गतवर्षीं ट्रंक उघडली, तेव्हां कॅसेटीच्या खिडकींतून फितीच्या वेटोळ्यावर पिठासारखे पांढरे ठिपके दिसत होते.

पत्रलेखिका भगिनींनीं येथें विशेष लक्ष द्यावें. असे ठिपके दिसले तर ती कॅसेट घरच्या यंत्रांत मुळींच घालूं नये. ती बुरशी असते. ती यंत्राच्या वाचणाऱ्या भागास चिकटते आणि पुढें जी जी कॅसेट लावाल तिला लागते, फीतही तुटते. मीं हाच मोह केला असता. सौभाग्यवतींनीं हात धरला. बाधित कॅसेटी निराळ्या काढून, घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिकाच्या पुड्यांसह कांहीं दिवस कोरड्या होऊं द्याव्या आणि जाणत्याकडे न्याव्या. निरोगी कॅसेटी पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या, फीत एका टोकास पुरती गुंडाळलेली असावी, लोहचुंबक असलेल्या ध्वनिक्षेपकाजवळ ठेवूं नये, आणि वर्षांतून एकदां, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेंत, पुढें-मागें फिरवून घ्याव्या. फार दिवस थांबूं मात्र नये. हीं यंत्रें बनविणारा शेवटचा मोठा कारखानाही २०१६ सालीं थांबला आहे. फीत टिकली तरी ती वाचणार कशावर?

नागपुरास मीं एका कारागिराकडे कॅसेट नेली. त्यानें नांव वाचलें आणि म्हणाला, "अहो, हें चित्र याहून शंभरपट चांगलें मिळतें. यासाठीं इतका खर्च कशाला करतां?" मीं त्यास चित्र नको, आवाज काढून दे, असें सांगितलें. तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला. मग त्यानें फीत हळूहळू उलगडून मऊ कोरड्या कापडानें पुसली. त्यास चार दिवस लागले. चित्र ११ मिनिटेंच हातीं आलें. पुढें नुसता बर्फ पडतो. आवाज मात्र कसोटी सामना सुरू होईपर्यंत जवळजवळ अखंड निघाला.

तेव्हां, भगिनी, ट्रंक टाकूं नका, आणि सबंध ठेवूंही नका. ज्या कॅसेटींवर केवळ विकतची नक्कल आहे त्या खुशाल जाऊं द्या; तींच चित्रें चांगल्या प्रतींत घ्या. पण मामंजींनीं घरीं, भिंतीवरून वा दूरदर्शनवरून उतरवलेलें जें जें असेल, आणि कोणीं झाडीपट्टीचें एखादें नाटक, दंडार किंवा खडी गंमत टिपून ठेवली असेल, तें आधीं निवडून बाजूला काढा. हें निवडण्याचें काम सासूबाईंबरोबर बसून करा. कोणत्या कॅसेटींत काय आहे, हें चिठ्ठीपेक्षां त्यांना अधिक ठाऊक असेल. आंबूस वास येणारीं रिळें इतरांपासून दूर, हवेशीर जागीं ठेवा.

आमच्या घरीं आतां रविवारीं नातवंडें 'बिग बिझनेस'ची नवी स्वच्छ प्रत लावतात आणि सोबत काकांचा आवाज सोडतात. दोहोंचा मेळ बसत नाहीं. काका हातानें यंत्र फिरवीत, तेव्हां परवान्याची गोष्ट येईतों पडद्यावरचें झाड केव्हांच छाटून झालेलें असतें, आणि पंचनामा पोलीस येण्यापूर्वींच सुरू होतो. मुलांना हें मूळ विनोदाहूनही अधिक आवडतें. एका जागीं मात्र आम्हांला चित्र थांबवून धरावें लागतें. मोटारीचें चाक निखळतें, आजी हंसूं लागते, आणि तिचें हंसणें संपेपर्यंत काकांनीं यंत्र फिरवण्याचें थांबवलेलें आहे.